मदत हवी आहे: एपकॉटमधलं स्पेस २२० रेस्टॉरंट, पहिल्याच आठवड्यात (सप्टेंबर २०२१)

नमस्कार मंडळी! ऑरलँडोतल्या डिस्नेच्या एपकॉट पार्कमध्ये स्पेस २२० हे अंतराळात बसून जेवल्याचा आभास देणारं रेस्टॉरंट अखेर २० सप्टेंबर २०२१ ला उघडतंय. २०१७ मध्ये घोषणा झाली तेव्हा आमचे चिरंजीव रांगत होते, आता ते साडेचार वर्षांचे आहेत आणि रोज विचारतात, "बाबा, रॉकेटमध्ये कधी जेवायचं?"

रॉकेट नाही रे बाबा, लिफ्ट! मिशन स्पेस राइडच्या शेजारी दार आहे, तिथून पृथ्वीपासून २२० मैलांवर, म्हणजे साधारण ३५४ किलोमीटरवर, नेल्याचा आभास करतात. लिफ्टच्या जमिनीतल्या पडद्यावर खाली जाणारी पृथ्वी दिसते, छतातल्या पडद्यावर जवळ येणारं अंतराळ स्थानक, आणि वर टेबलापाशी मोठ्या खिडक्यांतून अंतराळ.

१९ ला अनंत चतुर्दशी. बाप्पांना निरोप देऊन दुसऱ्या दिवशी अटलांटाहून गाडीनेच निघतोय. पहिला आठवडा आगाऊ बुकिंग नाही, थेट जाऊन नाव द्यायचं. पार्कचं तिकीट आणि त्या दिवसाचं आरक्षण आहे. पण नाव नोंदवायला गेट उघडताच धावावं, की दुपारी तीनच्या सुमारास गर्दी ओसरते? डिस्नेतल्या नव्या रेस्टॉरंटांचा कुणाला अनुभव?

दुसरं, सौ. पक्की शाकाहारी, अंडंही नाही. उघडतानाचे (२०२१) दर: दुपारी दोन कोर्सचे ५५ डॉलर, रात्री तीनचे ७९. एवढे मोजून तिला नुसती पानं चघळायला लागली तर परतीचा प्रवास मलाच जड जाईल! शेफशी आधी बोलता येतं का, आणि कसं?

आणि हो, मुलाला उंचीची भीती वाटते. पडद्यावरची उंची चालेल ना?