जीनेट मॅकडॉनल्डचे सुरुवातीचे पिक्चर: आधी कुठला बघू?

रात्रपाळी_७७: परवा यूट्यूबवर 'द लव्ह परेड' (1929) सापडला, सहज लावला आणि पूर्ण बघूनच उठलो. हिरो शेव्हालिए ठीक आहे, पण ती राणी झालेली जीनेट मॅकडॉनल्ड काय भारी आहे राव, गाते पण आणि कॉमेडी पण करते. मला वाटायचं ती म्हणजे गायक-नट नेल्सन एडीबरोबर डोंगरावर उभी राहून आळवत बसणारी बाई. मग मधली वर्षं ही होती कुठे? आणि तेव्हा गाणी सेटवरच गायची का?

जुनी_रीळ: हो, तेव्हा बरंचसं सेटवरच व्हायचं, ऑर्केस्ट्रा कॅमेऱ्याच्या बाहेर बसवायचे आणि गाणं न् शूटिंग एकदमच. लव्ह परेडमध्ये मालक लोकांचं आणि नोकरांचं गाणं आलटून पालटून दिसतं ना, त्यासाठी दिग्दर्शक लुबिचने दोन सेट शेजारी शेजारी लावून मधे एकच ऑर्केस्ट्रा बसवला होता, कारण नंतर आवाज जुळवत बसायची सोयच नव्हती. तिचा हा पहिलाच सिनेमा बरं का, आधी ब्रॉडवेवर, म्हणजे न्यूयॉर्कच्या नाटकांत होती. मधल्या काळाचं म्हणशील तर 1930 संपेपर्यंत लोकांना म्युझिकलचा इतका वीट आला की थिएटरवाले 'यात गाणी नाहीत' अशी जाहिरात करायला लागले, मग ही पॅरामाउंट स्टुडिओ सोडून फॉक्स स्टुडिओकडे गेली, तिथे तीन पिक्चर केले, त्यातल्या दोनांत तर जवळपास गाणंच नाही. गाणाऱ्या बाईला न गाता वापरायचं, कमाल आहे! 1931 मध्ये युरोपात गाण्याचे कार्यक्रम केले, मग परत पॅरामाउंट.

कोथरूडकरीण: परत आल्यावरचा 'लव्ह मी टुनाइट' (1932) आधी बघा हो, बाकी सगळं नंतर. पॅरिसमधल्या शिंप्याच्या दुकानात गाणं सुरू होतं, गिऱ्हाईक ते गुणगुणत बाहेर पडतं, टॅक्सीवाला उचलतो, मग आगगाडीतले सैनिक, मग जिप्सींचं व्हायोलिन, आणि शेवटी गच्चीत उभ्या राजकुमारीपर्यंत पोचतं! दोघं अजून भेटलेलेच नाहीत. दिग्दर्शक मामुलियनने काय डोकं लावलंय.

बॅरिटोन_भक्त: सगळे एडीवर का घसरता? 'नॉटी मॅरिएटा' (1935) चालला म्हणूनच ही एवढी मोठी स्टार झाली, आठ पिक्चर केले दोघांनी. 'मेटाइम' (1937) बघून मग बोला. तो आधी रंगीत सुरू केला होता, 1936 मध्ये निर्माता थॅलबर्ग वारला, काम थांबलं, मग नवा दिग्दर्शक घेऊन ब्लॅक अँड व्हाइटमध्ये पुन्हा पहिल्यापासून केला.

जुनी_रीळ: मेटाइम चांगलाच आहे, नाही कोण म्हणतंय. पण एमजीएम स्टुडिओने, जिथे तिचे एडीबरोबरचे पिक्चर झाले, तिची खट्याळ बाजू हळूहळू बंद केली आणि नुसती सोज्वळ गायिका करून टाकली. लुबिचने तिच्याबरोबर केलेली शेवटची 'मेरी विडो' (1934) त्याच स्टुडिओत झाली, ती बघा, मग त्यांनी काय घालवलं ते कळेल. 1942 नंतर तिकडून बाहेर, 1943 मध्ये माँट्रियलला ऑपेरात ज्युलिएट केली, आणि शेवटचा पिक्चर 1949 चा, त्यात लॅसी कुत्री आहे.

रात्रपाळी_७७: कुत्री?? बरं, शनिवारी लव्ह मी टुनाइट, रविवारी मेरी विडो. बॅरिटोनभाऊ, मेटाइम पुढच्या आठवड्यात, शपथ.