मदत हवी आहे: बोअरचं जड पाणी आणि काळे नळ

नमस्कार मंडळी. जळगावातल्या जुन्या घराचं ८ बाय ५ फुटांचं बाथरूम फोडून नव्याने करतोय. बायकोला काचेचं पार्टिशन, मॅट काळे नळ आणि छतातला मोठा शॉवर हवाय. पण बोअरचं पाणी इतकं जड, की स्टीलच्या बादलीवर आठ दिवसांत पांढरा थर बसतो, नखाने खरवडावा लागतो. काळ्या नळांचं काय होईल? टाकी शॉवरपेक्षा जेमतेम १० फूट वर, म्हणजे दाब ०.३ बार. प्रेशर पंप लागेलच ना? प्लंबर म्हणतो, "काही नाही लागत, भो." (मागच्या वेळी यानेच उतार उलटा काढला, पाणी थेट दारात!) आणि ४ इंची भिंतीवर वॉल-हंग कमोड पेलेल, की लोखंडी फ्रेम जमिनीवर टेकवून घ्यायची? पुढच्या आठवड्यात टाइल्स येताहेत, लवकर सांगा.