मदत हवी आहे: फुटलेल्या फोटोचे चौकोन पेन्सिलने कसे जमवायचे?

व्हिडिओ कॉल मध्येच अडकला तेव्हा आजीच्या चेहऱ्याचा घेतलेला स्क्रीनशॉट मी ए३ कागदावर काढतेय. अर्धा चेहरा नीट, अर्ध्याचे चौकोन झालेत. जेपेग (फोटो साठवायचा नेहमीचा प्रकार) ८×८ पिक्सेलचे तुकडे करून फोटो दाबतं, तसेच काहीसे. मला ते तुकडेच हवेत, सुंदर आजी नकोय. (ती अर्थात चिडलीय.)

ग्रिड २एच ने (कडक, फिकट पेन्सिल) आखली, तिथपर्यंत ठीक. पण चौकोनात एकसारखी सपाट छटा येतच नाही. कागदाचा पोत मध्ये डोकावतो, आणि स्टंपने (छटा पसरवायची कागदाची गुंडाळी) घासलं की कडा शेजारच्या चौकोनात पसरते. मास्किंग टेप लावून पाहिली, तर काढताना खालचं ग्राफाइटही (पेन्सिलीचं शिसं) उचललं गेलं! डाव्या गालाचे तीन चौकोन त्यातच गेले.

दुसरं दुखणं चकाकीचं. स्क्रीनवरचा काळा म्हणजे ठार काळा, माझा ८बी (मऊ, गडद पेन्सिल) मात्र उजेडात राखाडी चमकतो. गडद चौकोनांपुरती कार्बन पेन्सिल (न चमकणारी काळी) वापरली तर ती ग्राफाइटशेजारी उपरी दिसेल का? आणि आधी कुठली लावायची? ग्राफाइटच्या गुळगुळीत थरावर कार्बन नीट धरत नाही, असं माझ्या चाचणीच्या कागदावर तरी दिसलं.

हॉट प्रेस्ड (गुळगुळीत दाबलेल्या) कागदावर असं काम कुणी केलंय का? जवळून काढलेला फोटो टाकलात तर फार बरं होईल.