लकव्यानंतर वडिलांचा खांदा खूप दुखतोय, काय करू?

कापूसवाला_अमळनेर
नमस्कार मंडळी. आमच्या आप्पांना दोन महिन्यांपूर्वी लकवा झाला, उजवी बाजू गेली. आता कोणी सोबत असलं की ओट्यापर्यंत चालतात पण उजवा हात अजून लुळाच आहे, आणि पंधरा दिवस झाले त्याच खांद्यात एवढं दुखतंय की रात्रभर "खांदा दुखस रे, हात नको लावू" हेच चालू असतं. चाचपून पाहिलं तर खांद्याच्या वरच्या हाडाखाली खड्डा लागतो, एक बोट बसेल एवढा. गावातले मालिशवाले म्हणे सांधा उतरलाय, ओढून बसवून देतो. बसवू का? छताला दोरी-कप्पी पण बांधलीय, डाव्या हाताने ओढून उजवा वर करायला. बरोबर आहे का?

फिजिओ_धुळे
भाऊ, ओढू देऊ नका. खांद्याची खोबण मुळातच उथळ असते, दंडाच्या हाडाचा गोळा जागेवर धरायचं काम आजूबाजूचे स्नायू करतात, ते लुळे पडले की हाताच्या वजनाने गोळा खाली येतो, तोच तुमचा खड्डा. ओढून बसवला तरी धरणारं कोणी नाही, उलट आतले स्नायू फाटायचे. कप्पी पण आजच काढा. हात वर जाताना पाठीवरचं पातं सोबत फिरावं लागतं, लकव्यात ते फिरत नाही, मग वर जाणारा गोळा मधले स्नायू चिरडतो. घरी हात हलवायचा तर एक हात पात्याखाली ठेवून, हळू, खांद्याच्या उंचीपर्यंतच म्हणजे 90 अंश, आणि दुखलं की थांबायचं. एकदा तरी फिजिओकडून समोर करून घ्या, वाचून जमत नाही हे.
आप्पांना उठवता कसं?

कापूसवाला_अमळनेर
मी आणि मोठा भाऊ दोन्हीकडून काखेत हात घालून उचलतो. घाई असली तर हाताला धरून.

सिस्टर_चाळीसगाव
दादा, तिथेच होतंय बघा! काखेतून उचललं की सगळं अंग त्या सैल खांद्यावर लटकतं, दिवसातून आठ-दहा वेळा. कमरेला जाड पट्टा नाहीतर उपरणं घट्ट बांधा, त्यांना काठावर सरकवा, पाय मागे घ्या, पुढे वाकायला लावा आणि कमरेला धरून उठवा. झोळ पडलेल्या बाजेवर झोपवू नका, उताणं झोपले की खांद्याखाली आणि हाताखाली उशी, बसले की हात मांडीवरच्या उशीवर, लोंबकळता कधीच नाही. सदरा घालताना दुखरा हात आधी, काढताना शेवटी. बीपी चांगल्या हाताला मोजा. आणि शेक देताना फार जपा, त्या हाताला चटका कळत नाही, गरम पिशवीने फोड आलेले पेशंट मी स्वतः ड्रेसिंग केलेत.

सून_पारोळा
सासूबाईंचं सांगते. आम्हाला वाटलं झोळीत हात ठेवला की झालं, दिवसभर गळ्यात झोळी, महिन्याभरात कोपर आणि खांदा दोन्ही आखडले. नंतर कळलं की झोळी फक्त चालताना घालायची. मग पंजा सुजला, कातडी चकचकीत, बोट लावलं तरी ओरडायच्या, आम्ही हवा लागली म्हणून हळद लावत बसलो आणि उशीर झाला. पंजा सुजला तर थांबू नका दादा, लगेच दाखवा.

कापूसवाला_अमळनेर
पंजा थोडा सुजलाय हो. कप्पी काढली, मालिशवाल्यांना पण "नको" म्हणून सांगितलं. आप्पांना शुगर आहे, त्याचा काही संबंध?

फिजिओ_धुळे
आहे, शुगर असली की खांदा लवकर आखडतो. पंजा सुजलाय तर उद्याच डॉक्टरांकडे न्या आणि खड्डा, सूज, रात्रीचं दुखणं तिन्ही सांगा. खांद्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन द्यायचं ठरलं तर शुगर आहे हे आधी बोला, त्या औषधाने काही दिवस शुगर वाढते. गाडीत बसवताना हाताखाली उशी विसरू नका.