दहावीच्या पोरांना तासांचं टाइमटेबल देणं बंद करा, पेपर लिहायला बसवा

मानेवाड्याचा मामा
भिंतीवरचं टाइमटेबल काही कामाचं नाही भाऊ, स्पष्टच सांगतो. भाचा यंदा दहावीले, स्टेट बोर्ड. बहिणीनं चार रंगांच्या स्केचपेननं पहाटे साडेचार ते रात्री दहा असा चार्ट करून हॉलमधे चिकटवला. आता डिसेंबरमधल्या नागपूरच्या थंडीत पोट्टा साडेचारले उठते, शाल गुंडाळून इतिहासाचं पुस्तक मांडीवर घेते अन पाऊण तास त्याच पानावर बसून राहते. पण चार्टवर टिक होते! इतिहास झाला. आईही खूश, पोट्टाही खूश.

माझं म्हणणं एवढंच की तास मोजू नका, लिहिलेले पेपर मोजा. "मार्चपर्यंत वेळ आहे" हा हिशोब आता चालत नाही, २०२४ ले दहावी १ मार्चले सुरू झाली होती, २०२५ ले २१ फेब्रुवारीलेच झाली. जानेवारीत शाळेची प्रिलिम म्हणजे सराव परीक्षा, मग प्रॅक्टिकल, तोंडी, अन डायरेक्ट बोर्ड. म्हणून आत्तापासून दर रविवारी सकाळी ११ ले, म्हणजे बोर्डाच्याच टायमाले, घड्याळ समोर, मोबाईल दुसऱ्या खोलीत अन एक पेपर पूर्ण लिहून काढायचा. सोमवारी तपासायचा आणि जे चुकलं तेवढंच हप्ताभर करायचं. बाकी तो कधी उठते कधी झोपते ते त्याले ठरवू द्या न.

दोघांची आई
मामा लोकांना बोलायला काय जातं! मी साडेनऊला घरून निघते, सात वाजता येते, मधे घरी काय चाललंय ते देवालाच माहीत. "त्याले ठरवू द्या" म्हणे. ठरवू दिलं होतं, रील्स बघायचं ठरलं. टाइमटेबल पोरासाठी असतं असं कोणी सांगितलं तुम्हाला, ते माझ्यासाठी आहे, संध्याकाळी आल्यावर नेमकं काय विचारायचं ते मला त्यावरून कळतं. नाहीतर नुसतं "अभ्यास झाला का", "हो झाला", संपला विषय.

आणि रविवारी ११ वाजता म्हणताय, तेव्हा क्लासची टेस्ट असते. टेस्ट क्लासवाल्यांची, प्रिलिम शाळेची, वर मामाचा पेपर, पोरगं जेवणार कधी? पोरगा टिक खोटी करतो म्हणून चार्ट वाईट कसा झाला ते तेवढं समजवा मला.

मानेवाड्याचा मामा
ताई, क्लासची टेस्ट असेल तर तीच धरा, माझा काही हट्ट नाही. फक्त तपासलेला पेपर घरी येते का ते पाहा. आमच्याकडे नुसते मार्क व्हॉट्सॲपवर येतात, ४० पैकी २६, खेळ खलास. ते १४ कुठं गेले हे ना पोट्ट्याले माहीत ना आईले.

गणितवाली मॅडम
मी नंदनवन भागात दहावीच्या गणिताच्या ट्यूशन घेते, त्यामुळे थोडं लांबलचक लिहीन, चालवून घ्या. मामांचं अर्धं बरोबर आहे आणि अर्ध्यानं नुकसान होईल.

बरोबर काय, तर वाचून अभ्यास झाल्यासारखा वाटतो पण होत नाही. माझ्याकडे दरवर्षी हेच होतं. पायथागोरसच्या प्रमेयाची सिद्धता पोरगं गाईडमधे डोळ्यांनी वाचतं, मान हलवतं, "मॅडम समजलं". मी गाईड उलटं ठेवते आणि कोरा कागद देते. पक्ष लिहितो, साध्य लिहितो, आकृतीत लंब टाकतो आणि पेन थांबतं. कोणते त्रिकोण समरूप घ्यायचे तेच आठवत नाही, जे दोन मिनिटांपूर्वी "समजलं" होतं. याच्यावर २००६ मधे अमेरिकेत रोडिगर आणि कार्पिके या दोघांनी प्रयोग केलाय, एका गटाला उतारा परत परत वाचायला दिला आणि दुसऱ्याला न बघता आठवून लिहायला लावलं. पाच मिनिटांनी विचारलं तर वाचणारे पुढे, पण दोन दिवसांनी आणि आठवड्यानी विचारलं तर लिहिणारे पुढे. बोर्डाचा पेपर पाच मिनिटांनी नसतो ना!

आता नुकसान कुठे. डिसेंबरात कितीतरी शाळांमधे त्रिकोणमिती, महत्त्वमापन शिकवून व्हायचं असतं. कच्च्या मुलाला तुम्ही भूमितीचा पूर्ण ४० चा पेपर दोन तास लावून दिला तर त्याला १२ पडणार आणि तो पुस्तक मिटून ठेवणार, वर मामा म्हणणार बघ तुझं किती कच्चं आहे. त्यापेक्षा एका धड्याचा वीस मार्कांचा पेपर घ्या, समरूपता झाली की समरूपतेचा, वर्तुळ झालं की वर्तुळाचा. प्रिलिम झाली की पूर्ण पेपर. आणि मागच्या धड्याचे दोन प्रश्न नव्यात घुसवायचे, नाहीतर वर्गसमीकरणं येतात तोपर्यंत रेषीय समीकरणं गायब झालेली असतात.

चार्टबद्दल म्हणाल तर वेळ लिहूच नका, काम लिहा. "५ ते ६ बीजगणित" याला काही अर्थ नाही. "अर्थनियोजनातली जीएसटीची पाच गणितं, न बघता" असं लिहा, मग टिक खोटी करता येत नाही, ताईंना संध्याकाळी वही मागता येते.

दोघांची आई
मॅडम हे पटलं. वही मागणं मला जमेल.

रात्रीचा राजा
मी बारावी सायन्स, मला पहाटेवाल्या लोकांचा फार राग येतो, सॉरी. आजोबा, काका, शेजारचे, सगळे म्हणतात ब्राह्ममुहूर्तावर वाचलेलं लक्षात राहतं. अहो या वयात बॉडी क्लॉकच पुढे सरकलेलं असतं, झोपेचं मेलाटोनिन उशिरा तयार होतं, हे सायन्स आहे, मी आळशी नाही. रात्री दहानंतर घर शांत, टीव्ही बंद, बाहेरचा डीजे बंद. (लग्नसराईत रिंगरोडकडच्या लॉनशेजारी राहून बघा, मग टाइमटेबलवर बोला.) रात्री मी अभ्यासिकेत बसतो, तिथे पन्नास पोरं गप बसलेली असतात, आपोआप अभ्यास होतो.

आणि दहावीवाल्यांचं टेन्शन मला क्यूट वाटतं. आमचं बघा. बोर्ड फेब्रुवारीत, त्याआधी जानेवारीत जेईई मेनचं (देशपातळीवरच्या इंजिनिअरिंग प्रवेश परीक्षेचं) पहिलं सेशन, नंतर राज्याची सीईटी. सीईटीला ८०% सिलॅबस बारावीचा आणि २०% अकरावीचा, राज्यातल्या इंजिनिअरिंगचं ॲडमिशन सीईटीवर, बोर्डात ओपनला पीसीएममधे (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) ४५% आले की झालं. म्हणून अर्धा वर्ग बोर्डाचं पुस्तकच उघडत नाही. पण समोर व्हीएनआयटी, म्हणजे नागपूरची एनआयटी, दिसते ना, तिथे जेईईतून जायचं तर बारावीला ७५% लागतात, किंवा बोर्डाच्या टॉप २० पर्सेंटाइलमधे पाहिजे. तेव्हा प्लॅनिंग काय करायचं सांगा कोणीतरी.

गणितवाली मॅडम
बाळा, डिसेंबरअखेर सगळा फोकस जेईईवर असेल तर असू दे, पण मेनचं सेशन संपल्याच्या दुसऱ्या दिवसापासून बोर्डाची लांब उत्तरं हातानी लिहायला लाग. तुम्हा लोकांना गोल रंगवायची, माऊस क्लिक करायची इतकी सवय होते की फिजिक्सच्या ७० मार्कांच्या पेपरात डेरिव्हेशन लिहिताना हात दुखतो आणि स्टेप्स खातात. स्टेपला मार्क असतात.

आणि रात्री जाग, पण बोर्डाआधी पंधरा दिवस तरी झोप मागे आण. पेपर ११ ला असतो, त्याआधी सेंटरवर पोचायचं. तीनला झोपणाऱ्याचं डोकं ११ ला कुठे असतं ते मी बघितलंय.

रात्रीचा राजा
पंधरा नाही, आठ दिवस. सौदा करा.

झेडपीचे गुरुजी
सगळं वाचलं. हिंगण्याकडच्या शाळेत तीस वर्षं काढली मी, आता रिटायर. इथं जो तो ९० टक्क्यांचंच बोलून राहिला म्हणून लिहितो. ज्या घरात एकच खोली, पाच माणसं, बाप रात्रपाळीहून येऊन सकाळी झोपते, तिथं कोणता चार्ट लावता? तिथल्या पोराचं टाइमटेबल दुसऱ्याच्या झोपेवर ठरते. अशा पोरांना आम्ही शाळा सुटल्यावर दीड तास वर्गातच बसवत होतो, शिकवत नव्हतो, नुसतं बसू द्यायचं अन एक मास्तर हजर. तेवढ्यानं फरक पडे. अभ्यासिकेची फी भरू शकणाऱ्यानं रात्र की पहाट हा वाद घालावा, माझी ना नाही.

अन मामा, पूर्ण पेपराचं खूळ ३५ वाल्या पोरासाठी तर बिलकुल नाही. त्याले विज्ञान भाग १ चे चार धडे पक्के करून द्या, आकृत्या अन व्याख्या, चूक की बरोबर, जोड्या लावा, हे हातचे मार्क आधी. टक्केवारी तशीही सहापैकी चांगल्या पाच विषयांची निघते, तेव्हा ज्या विषयाची दहशत आहे त्याच्यामागे लागून बाकीचे पाच बुडवू नका. त्यात फक्त पास व्हायचं बघा.

दोघांची आई
गुरुजी, हे शेवटचं मात्र मला नाही पटत. माझी मोठी इंग्लिशला "पास पुरे" म्हणून सोडून बसली होती, आता कॉलेजात सगळं इंग्लिशमधे आहे आणि रडते. टक्केवारीत धरत नाहीत म्हणून विषय सोडायचा?

झेडपीचे गुरुजी
सोडा नाही म्हटलं ताई. फेब्रुवारीत त्याच्यावर जीव काढू नका म्हटलं. जूनमधे काढा.

मानेवाड्याचा मामा
माझ्यावर चौफेर हल्ला होऊन राहिला पण मी अजून माझ्या जागी आहे. धड्याचा पेपर तर धड्याचा, चला, पण घड्याळ लावूनच. काहून की पोट्ट्याले येत असते सगळं, वेळ पुरत नाही. २०२३ पासून बोर्ड शेवटी दहा मिनिटं जास्त देते, आधी ती पेपर वाचायले सुरुवातीले मिळत होती. ती दहा मिनिटं पुरवणी बांधण्यात अन बैठक क्रमांक तपासण्यात जातात, त्यात गणित होत नाही.

गणितवाल्या मॅडम, वर्तुळाचा वीसचा पेपर कुठून आणू तेवढं सांगा, गाईडमधला दिला तर तो उत्तरासकट पाठ करून बसला आहे.

गणितवाली मॅडम
गाईड नकोच. बालभारतीच्या पुस्तकातला त्या धड्याचा संकीर्ण प्रश्नसंग्रह काढा, त्यातले सहा-सात उचला, आकड्यांची अदलाबदल करा. चक्रीय चौकोनाचं एक प्रमेय घाला, स्पर्शिकाखंडांचं एक घाला. आणि आधी कंपास उघडून बघा, निम्म्या पोरांच्या कर्कटकात पेन्सिल ढिली असते आणि रचनेत दोन मार्क तिथेच जातात.