मदत हवी आहे: ‘एआयने प्लॅन करून दिलाय, तुम्ही फक्त नजर टाका’ – याचे पैसे मागायचे कसे?

नमस्कार मंडळी,

दादरच्या एका टूर कंपनीत मी बरीच वर्षं परदेश सहलींचं टेबल सांभाळलं. व्हिसाच्या फायली, हॉटेलं, ट्रेनचे पास आणि अपरात्री कुठल्यातरी विमानतळावरून येणारे फोन. मागच्या दिवाळीनंतर कंपनीने वेबसाइटवर चॅटबॉट बसवला. चौकशी त्याच्याकडे जाते, कोटेशनही तोच काढतो. मला सांगितलंय, आठवड्यातून तीन दिवस या आणि त्याने केलेलं तपासा. पगारही अर्थात तीन दिवसांचा. उरलेल्या वेळात मुलुंडला घरून स्वतःची गिऱ्हाइकं करते आणि थंडीत रविवारी फोर्टमध्ये मराठीतून हेरिटेज वॉक घेते. (वॉकमधून चहापाण्याचे सुटतात, पण जीव त्यातच रमतो.)

अडचण घरच्या गिऱ्हाइकांची आहे. बिल्डिंगमधले, नणंदेच्या ओळखीचे, जुन्या टूरवाले. पूर्वी म्हणायचे, ‘काकू, युरोप करायचाय, बसूया का?’ आता व्हॉट्सॲपवर थेट पीडीएफ येते. ‘एआयने सगळं करून दिलंय, तुम्ही फक्त एकदा नजर टाका.’

ही नजर कशी असते ते सांगते. परवाचीच पीडीएफ: पॅरिस ३ रात्री, स्वित्झर्लंड ५, इटली २. खाली छान ठळक अक्षरांत लिहिलेलं, विमान पॅरिसला उतरतं म्हणून व्हिसा फ्रान्सकडे मागा. शेंगेनचा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून एकच व्हिसा) नियम तसा नाही. जिथे मुक्काम सगळ्यात जास्त, त्या देशाकडे अर्ज. मुक्काम सारखे असतील तरच आधी कुठे उतरता ते बघतात. म्हणजे अर्ज स्वित्झर्लंडकडे जायला हवा. फ्रान्सची अपॉइंटमेंट तोवर घेऊन झाली होती! पुढे, लूव्र मंगळवारी. मंगळवारी लूव्र बंद असतं. युंगफ्राऊयोख या आल्प्समधल्या उंच स्टेशनचं तिकीट म्हणे स्विस ट्रॅव्हल पासमध्ये ‘समाविष्ट’. पास ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगेनपर्यंत चालतो, त्याच्या वर फक्त सवलत, आणि त्या वरच्या टप्प्याचेच पैसे डोळे पांढरे करणारे. प्रवास विम्याचा उल्लेखच नाही. शेंगेनला किमान ३०,००० युरोचं कव्हर लागतं. आणि बरोबर सत्तरीच्या सासूबाई, गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या, त्यांना पहिल्याच दिवशी मोंमार्त्रच्या पायऱ्या.

माझी अख्खी संध्याकाळ यात गेली. सगळं दुरुस्त करून पाठवलं. उत्तर आलं, ‘थँक यू सो मच काकू 🙏’, आणि बुकिंग झालं ॲपवर, कारण तिथे क्रेडिट कार्डाला सूट होती. त्यांची चूक आहे असं मला म्हणता येत नाही. एवढी वर्षं सल्ला फुकटच मिळत होता, कारण त्याचे पैसे हॉटेलच्या कमिशनमध्ये आणि पॅकेजच्या मार्जिनमध्ये लपलेले असायचे. बुकिंग गेलं तसे तेही गेले. सल्ला तेवढा उरला.

तर प्रश्न असा, की नुसतं तपासण्याचं शुल्क इथे कुणी घेतं का? किती, आणि ओळखीच्या माणसांना कसं सांगता? की हे सोडून गाइडचं काम पूर्ण वेळ करावं? घरी मुलगा म्हणतो, ‘आई, दोन वर्षांत एआय हे पण तपासेल.’ तसं असेल तर शुल्क ठरवण्यातही अर्थ नाही. स्पष्ट सांगा, वाईट वाटणार नाही.

– मुलुंडची_वाटाडी

*

ठाणेकर_७१:
स्पष्ट मागितलंत म्हणून लिहितो. मी मेमध्ये व्हिएतनाम पूर्ण एआयवर केलं, कुठे अडलं नाही. एजंटला पैसे का देऊ? पण आईवडिलांना काशीला पाठवताना मात्र दादरच्याच ऑफिसात जाऊन बसलो होतो. स्वतः गेलो की चूक निभावून नेता येते, ते जाताना नाही. तुमचं गिऱ्हाईक मी नाही, माझे आईवडील आहेत. जाहिरात करणार असाल तर त्यांच्यासाठी करा.

जुना_तिकीटवाला:
ताई, आम्ही यातून एकदा गेलोय. विमान कंपन्यांनी एजंटांचं कमिशन आधी कापलं आणि २००८ च्या सुमाराला शून्यावर आणलं. माझं दुकान गिरगावात, सगळी तिकिटं आखाती देशांची. सर्व्हिस चार्ज लावला तेव्हा गिऱ्हाईक भांडलं, काही कायमचे गेले. राहिले ते अशा कामांचे, ज्यांना तारीख बदलायला, रिफंड काढायला माणूस लागतो.

माझी पद्धत सांगतो, घ्यायची तेवढी घ्या. फोनवर दहा मिनिटं फुकट. त्यात ‘व्हिसा चुकीच्या देशाकडे चाललाय’ एवढं सांगून टाकायचं, ते सांगण्यापुरती ओळख आहेच. पण लेखी हवं असेल तर शुल्क, तेही आधी. आणि बुकिंग तुमच्याकडून केलं तर ते शुल्क बिलातून वजा. ही शेवटची गोष्ट विसरू नका. ती ऐकली की निम्मे तरी बुकिंगला परत येतात.

दुसरं जास्त महत्त्वाचं. तुम्ही ‘ठीक आहे’ म्हणालात की त्या प्लॅनवर तुमचं नाव लागलं. कॅनडात काय झालं बघा. एअर कॅनडाच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला सांगितलं, घरात मृत्यू झाल्यावरची सवलत प्रवास करून आल्यावरही मागता येते. प्रत्यक्षात नियम तसा नव्हता. कंपनीचा बचाव काय, तर चॅटबॉट स्वतंत्र आहे, त्याच्या बोलण्याला तोच जबाबदार! ब्रिटिश कोलंबियाच्या न्यायाधिकरणाने फेब्रुवारी २०२४ मध्ये तो फेटाळला आणि भरपाई द्यायला लावली. यंत्राची चूक निस्तरायला शेवटी कुणीतरी लागतं, आणि मुलुंडमध्ये ते तुम्ही असाल. म्हणून काय तपासलं, कुठल्या तारखेला, आणि काय तपासलं नाही, हे तिन्ही लिहून द्या. व्हिसा मिळेलच असं चुकूनही लिहू नका.

दादरच्या नोकरीतही हेच विचारा. बॉटचं कोटेशन चुकलं तर तपासणाऱ्याच्या पगारातून कापणार का? हे ईमेलवर घ्या, तोंडी नको.

आर्टडेको_प्रेमी:
मी फोर्ट, भायखळा, एलिफंटा करते, म्हणून गाइडपुरतं लिहिते. पूर्ण वेळ उडी आत्ता नको. जून ते सप्टेंबर मुंबईत वॉक जवळजवळ बंद असतात, ते चार महिने कुठून काढाल?

माहिती सांगून आता पैसे मिळत नाहीत हे खरं आहे. पंचम जॉर्ज डिसेंबर १९११ मध्ये उतरला तेव्हा गेटवेच्या जागी पुठ्ठ्याची प्रतिकृती होती, खरी कमान १९२४ मध्ये पुरी झाली, हे सांगितलं की पूर्वी लोक थबकायचे. आता पुढच्या रांगेतला एकजण फोन दाखवतो. चालतं ते जोडून दाखवलेलं. घारापुरीचं नाव ज्या दगडी हत्तीवरून एलिफंटा पडलं, तो बेटावर नाहीच, भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. मी एक दिवस बेट आणि दुसऱ्या दिवशी भायखळा असं घेते. हत्तीपाशी आजीआजोबा नातवंडांना स्वतःच सांगायला लागतात, मी गप्प बसते.

एक सावधगिरी. रस्त्यावरचा वॉक वेगळा, पण एलिफंटा, कान्हेरी ही पुरातत्त्व खात्याची ठिकाणं. तिथे परवान्याशिवाय गाइड म्हणून उभ्या राहू नका. पर्यटन मंत्रालयाचा ‘इन्क्रेडिबल इंडिया टुरिस्ट फॅसिलिटेटर’ हा ऑनलाइन अभ्यासक्रम आहे, त्याची आणि गाइड परवान्याची सध्याची अट आधी बघून घ्या. (सोमवारी एलिफंटा बंद. एआय अजूनही खुशाल सोमवार देतो.)

आणि मराठीतून बोलता हे कमी समजू नका. २०२५ मध्ये मराठ्यांचे बारा किल्ले जागतिक वारशात गेल्यापासून माझ्याकडे मराठी कुटुंबांची विचारणा वाढली आहे. खांदेरी त्यातलाच, अलिबागजवळ थळच्या समोर समुद्रात. त्यावर नीट बोलणारी माणसं फार नाहीत.

मुलुंडची_वाटाडी:
सगळ्यांचे आभार. ठाणेकर, टोचलं पण पटलं. तिकीटवाले काका, कंपनीला ईमेल टाकला आहे. अजून उत्तर नाही, हेही उत्तरच म्हणायचं. खांदेरी डोक्यात नव्हतंच, पाऊस ओसरला की जाऊन येते.

ओळखीच्यांना पाठवायला मजकूर केलाय, बघा जरा:

‘नमस्कार. तुम्ही तयार केलेला परदेश सहलीचा प्लॅन मी तपासून लेखी देईन: व्हिसाचा देश, विमा, बंद दिवस, पास व तिकिटं, ज्येष्ठांसाठी चालणं. शुल्क प्रति कुटुंब १,५०० रुपये, आगाऊ. बुकिंग माझ्याकडून केल्यास बिलातून वजा. फोनवर दहा मिनिटं नेहमीप्रमाणे विनाशुल्क. शुल्काबाबत अडचण असल्यास सोयीनुसार कमीजास्त करू.’

यावर जीएसटी लावायचा का?

जुना_तिकीटवाला:
वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर सेवांना नोंदणीची सक्ती नाही. तरी सीएला एकदा विचारा. मजकूर चांगला आहे. फक्त शेवटचं वाक्य काढा, लोक तेवढंच वाचतील.

ठाणेकर_७१:
+१. आणि ‘ज्येष्ठांसाठी चालणं’ सगळ्यात वर घ्या.