अंबाड्यातली अबोलीची फाती हवेत तरंगते! (सिम्स ४, ब्लेंडर) मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, फोंड्याहून लिहितेय. सिम्स ४ या कॉम्प्युटर गेममध्ये गोव्याचा अंबाडा करायला घेतलाय, त्याभोवती अबोलीची फाती (गुंफलेला गजरा). गेममधलाच एक अंबाडा सिम्स ४ स्टुडिओतून (गेममधल्या वस्तू बदलायचं सॉफ्टवेअर) काढला, ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये फुलं घडवली आणि केसांच्या मेशला (थ्रीडी आकाराच्या जाळीला) जोडली. ब्लेंडरात देखणं दिसतं. गेममध्ये मात्र बाईने मान वळवली की अंबाडा जातो तिच्याबरोबर आणि फाती तिथेच राहते, जत्रेत हरवलेल्या पोरासारखी!

नव्या फुलांना बोन वेट्सच (पात्राच्या सांगाड्यातलं कुठलं हाड हललं की तो भाग किती हलायचा, ते आकडे) नव्हते, हे उशिरा कळलं. मग ब्लेंडरातल्या डेटा ट्रान्सफरने जुन्या केसांचे वेट्स घेतले. आता फाती डोक्याबरोबर फिरते, पण मानेवर लोंबणारं टोक खांद्याकडे ताणलं जातं. ते टोक फक्त डोक्याच्या हाडाला शंभर टक्के जोडू, की मानेच्या हाडाशी वाटून देऊ?

दुसरं, कॅमेरा लांब नेला की फुलं गायब. मी फक्त एलओडी ० (जवळून दिसणारं, सगळ्यात बारकाव्याचं मॉडेल) बदललंय, तेच कारण ना? लांबून दिसणाऱ्या साध्या १, २, ३ साठी फुलं डेसिमेटने (मेशचे तुकडे कमी करायचं ब्लेंडरातलं साधन) कमी करता येतील, की सरळ चपटी पट्टी बरी? माझा लॅपटॉप जुना आहे, एकेका फुलाच्या पाकळ्या घडवायची हौस मलाच नडलीय.

चतुर्थीआधी भाचीला दाखवायचंय. कोणी केलं असेल तर सांगा हो.